अंगारीची शेवटची चार पानं

माझं आयुष्य बदललं तो क्षण मला घड्याळ लावून सांगता येतो. ९ सप्टेंबर १९८३, शुक्रवार, सकाळचे पावणेदहा. पवनीच्या बसस्टँडवर सेवकरामच्या चहाच्या टपरीला बांधलेली बकरी सुटली आणि तिने माझ्या दुकानात दोरीवर लटकवलेल्या 'अंगारी और सात ताले' या कॉमिक्सची शेवटची चार पानं खाल्ली. इतरांचं आयुष्य एखाद्या थोर माणसाच्या भाषणाने बदलतं. माझं बकरीने बदललं. जशी लायकी तसा गुरू.

दुकान म्हणजे भाड्याने कॉमिक्स देण्याची फळकुटाची खोली. भंडाऱ्याचं कॉलेज मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. वादविवाद स्पर्धेत विमल रामटेके पहिली आली आणि मी दुसरा. स्पर्धक दोनच उरले होते. मी परीक्षकांना नको ते बोललो, बाहेर पडलो आणि दार असं आपटलं की वरची काच खाली आली. आता काच फोडल्यावर परत कसं जायचं, म्हणून गेलोच नाही. विमल पुढे एम.ए.ला नागपूरला गेली. माझं तिच्यावर प्रेम आहे ही गोष्ट तिला सोडून अख्ख्या पवनी तालुक्याला ठाऊक होती.

तर पानं गेली. बिनशेवटाचं कॉमिक गिऱ्हाईक घेत नाही. त्याच दुपारी मी वहीची चार पानं फाडली, शेवट स्वतः लिहिला, चित्रंही काढली आणि डिंकाने चिकटवून टाकलं. खरा शेवट मला माहीत नव्हता. मी तो वाचायचा राखून ठेवला होता, ताटातला आवडीचा पदार्थ शेवटी खावा तसा. बकरीचंही तेच मत पडलं.

पुढची पत्रं जशी होती तशी उतरवली आहेत. माझी तिच्याकडे होती, तिची माझ्याकडे. आता एकाच बिस्किटाच्या डब्यात आहेत.

*

नागपूर, १४ सप्टेंबर १९८३

टेकचंद,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी मेलं नाही. काम आहे.

आमच्या वसतिगृहातल्या मुलींचं एक अभ्यास मंडळ आहे. साध्या, स्वस्त वाचनात बाई कशी दिसते असा विषय निघाला आणि कोणीतरी अंगारीचं नाव घेतलं. झालं! अर्ध्या म्हणाल्या, हीच खरी स्त्रीमुक्तीवाली. अर्ध्या म्हणाल्या, ही चोर, ही खुनी, हिला स्त्रीवादी म्हणायचं तर आपण सगळ्यांनी घरी जाऊन पापड लाटलेले बरे. गंमत अशी की पुस्तक कोणीच धड वाचलेलं नाही. मी चिडून म्हटलं, मी वाचते आणि निबंध लिहिते. आता अडकले.

परवा शहापूरला घरी गेले होते, तर मंगरूमामा सांगत होता, "तो काच फोडणारा पोरगा पवनीले कॉमिक्सचं दुकान टाकून बसला ना वं." तर तुझ्याकडे अंगारी असेल. पाठवशील का? सांभाळून परत करीन.

आणि कॉलेज काहून सोडलंस रे? काच तर तिसऱ्या दिवशी बसवली होती.

विमल

*

पवनी, २० सप्टेंबर १९८३

प्रिय विमल,

('प्रिय' हा पत्रलेखनाचा नियम आहे, शाळेच्या पुस्तकात बघ.)

पुस्तक सोबत पाठवत आहे. तालुक्यात ही एकच प्रत. तुझं पत्र आलं तेव्हा ती आसगावच्या गोपीचंदने नेली होती. सायकल मारून त्याच्या घरी गेलो, तो वाचत होता, तरी हातातून ओढून आणली. तो अजून बोलत नाही.

तू वाचशीलच, पण थोडक्यात सांगतो. अंगारी गरीब घरची. ठाकूर तिला विकत घेऊन बायको करतो. त्याच्या हवेलीला सात दरवाजे, सात कुलपं, आणि आत कोंडलेल्या बायका. अंगारी आणि मोलकरीण चंपा मिळून किल्ल्या चोरतात. पाचव्या कुलपापाशी पहारेकरी येतो, तर अंगारी चंपाकडे बोट दाखवते, "चोर ये है!", आणि स्वतः निसटते. चंपाला सातव्या खोलीत टाकतात. मग अंगारी ठाकुराला विष देते, त्याचं सोनं उचलते आणि अठ्ठाविसाव्या पानावर सातव्या कुलपापुढे किल्ली घेऊन उभी राहते. मागून इन्स्पेक्टर विक्रम येतो. पुढचं सांगत नाही.

एक खुलासा. शेवटची चार पानं लोकांनी हाताळून फाटली होती, म्हणून मी दुसऱ्या एका प्रतीवरून अक्षर न् अक्षर उतरवून काढली आहेत. अंगारीचे डोळे तिरळे आले आहेत तो कागदाचा दोष.

कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. तत्त्व कोणतं ते आठवलं की कळवतो.

तुझा (हाही नियमच)
टेकचंद काटेखाये

*

नागपूर, ५ ऑक्टोबर १९८३

टेकचंद,

दोनदा वाचलं. अठ्ठाविसाव्या पानापर्यंत मी त्या बाईवर इतकी फिदा झाले की जेवणाची घंटा ऐकू आली नाही. चंपाला तिने पुढे केलं तिथे मात्र पुस्तक मिटून ठेवलं. राग आला. मग वाटलं, मी त्या दारापाशी असते तर काय केलं असतं? उत्तर काही बरं आलं नाही.

आणि मग तो शेवट! जिने ठाकुराला विष दिलं ती इन्स्पेक्टर दिसताच किल्ली टाकते, पदर घेते आणि म्हणते, "मैं भटक गई थी, मुझे अपने चरणों में जगह दो." तो म्हणतो, "नारी का असली ताला लाज है." आणि थेट वरात! घोड्याला तर पाच पाय दिसतात.

कोणत्या शहाण्याने लिहिलं असेल हे? त्याला अठ्ठावीस पानं एक बाई दिसत होती आणि शेवटी फक्त लग्न दिसलं. हा माणूस नक्की बिनलग्नाचा असणार.

आणखी एक. इन्स्पेक्टरच्या डाव्या गालावर तीळ आहे. आधीच्या पानांत नव्हता. तुझ्याही डाव्याच गालावर आहे ना?

विमल

*

पवनी, १२ ऑक्टोबर १९८३

विमल,

तीळ नाही, शाईचा डाग आहे.

तुझं पत्र वाचून डोकं तापलं, म्हणून आधी दोन चहा प्यालो. तू शेवटाला उगीच नावं ठेवतेस. मला तर तो या पुस्तकातला सर्वात सखोल भाग वाटतो. लेखकाने विचार करून लिहिलाय. बाई किती दिवस पळणार? किती कुलपं तोडणार? तिला कोणीतरी समजून घेणारा नको का? इन्स्पेक्टर तिला बेड्या घालू शकत होता. घातल्या का? उलट हात पुढे केला. असा पुरुष सापडणं सोपं आहे का आजकाल? काही बायका असतात, त्यांच्यासाठी माणूस तालुकाभर सायकल मारतो, त्यांना मात्र घोड्याचे पाय मोजायचे असतात.

माझं मत सांगतो. अंगारी स्त्रीमुक्तीवाली आहेच. शंभर टक्के. तिने ठाकुराला धडा शिकवला, आता तिने सुखाने संसार करावा. मुक्ती मिळाल्यावर बाईने करायचं तरी काय?

इथे माझं मत एकट्याचं नाही. पंचायत समितीतले दोन कारकून हा शेवट पाठ म्हणायचे. फक्त बालवाडीच्या सत्यभामाबाईंनी पुस्तक परत करताना काउंटरवर आपटलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "शेवटची पानं कोना बुद्दूनं लिवली रे? बाई इतकं करून आखरीले गोबरी थापायले बसली!" पण त्या सगळ्यांवरच चिडतात.

टेकचंद

*

नागपूर, २४ ऑक्टोबर १९८३

टेकचंद,

"मुक्ती मिळाल्यावर बाईने करायचं तरी काय?" हे वाक्य मी मंडळाच्या फळ्यावर लिहिलं. नाव घातलं नाही, घाबरू नकोस. मुली इतक्या हसल्या की मेट्रन वर आली.

आता नीट उत्तर दे. चंपाचं काय झालं?

ती सातव्या खोलीत आहे. अंगारीच्या बोटाने आत गेली आहे. किल्ली अंगारीच्या हातात आहे. आणि शेवटच्या चार पानांत चंपाचं नावसुद्धा नाही. वरात निघते, वाजंत्री वाजते, ती पोरगी आतच! लेखक तिला विसरला का? की तिचं काही सुचलं नाही म्हणून कुलूप तसंच ठेवलं?

माझा निबंध याच प्रश्नावर उभा राहतो आहे. अंगारी खोटं बोलली, चोरी केली, जीव घेतला, हे सगळं मी समजून घेऊ शकते. पण जिला फसवलं तिच्यासाठी परत फिरली नाही, तर मी तिला स्त्रीवादी म्हणणार नाही. सत्तावीस नोव्हेंबरच्या रविवारी वाचायचा आहे. तुझ्या त्या दुसऱ्या प्रतीत चंपाचं एखादं वाक्य उतरवायचं राहिलं नाही ना, तेवढं बघून कळव.

दिवाळीला शहापूरला येणार नाही, अभ्यास आहे.

विमल

*

आसगाव, १४ नोव्हेंबर १९८३

विमल,

उत्तराला उशीर झाला. दिवाळीत घरी होतो आणि घरकामात गुंतलो होतो. मी आणि घरकाम, हस.

माझी मोठी बहीण धुरपता आली होती. तिचं सासर नदीपलीकडे. भाऊबीजेला तिला आणायचं आणि पाचव्या दिवशी पोचवायचं, दोन्ही कामं भावाची. आणायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात, त्याला पाट, पाणी, गोडधोड. पोचवणाऱ्याला काही नाव नाही.

या वेळी ती जायला नाही म्हणत होती. म्हणजे तोंडाने नाही. पेटी भरायची, पुन्हा रिकामी करायची. आई, कौशल्याबाई, चुलीपाशी बसून डोळे पुसायची आणि धूर झाला म्हणायची. बाबांनी मला बोलावलं, "टेकचंद, धान कापनीले आलं. तिकडं मानसं लागतेत. लोकं काय म्हनतील? पोचवून दे तिले." मी म्हटलं, ती थकलेली दिसते, राहू द्या आठ दिवस. ते म्हणाले, "तू कॉलेज पुरं केलं का? मंग इथं वकिली नको करू."

शेवटी मीच तिला सायकलवर घाटापर्यंत नेलं, डोंग्यात बसवलं आणि पलीकडे दारापर्यंत पोचवून आलो. वाटभर एक शब्द बोलली नाही. म्हणजे राजी झाली असावी. तिच्या दंडाला मागच्या बाजूने भाजल्याचा मोठा डाग होता. चुलीपाशी भाजलं म्हणाली. पहिल्यापासून वेंधळीच आहे.

भावाचं कर्तव्य केलं याचं समाधान वाटलं पाहिजे. थंडीमुळे असेल, पण जेवण जात नाही.

चंपाचं म्हणशील तर त्या प्रतीत काही नव्हतं. लेखक विसरला असेल. माणूस आहे.

टेकचंद

*

नागपूर, १९ नोव्हेंबर १९८३

टेकचंद,

चुलीपाशी काम करणाऱ्या बाईचं मनगट भाजतं, बोटं भाजतात. दंडाच्या मागच्या बाजूला भाजायचं तर चुलीकडे पाठ करून बसावं लागतं. नाहीतर मागे कोणीतरी उभं असावं लागतं.

दुसरं काही लिहीत नाही. तू हुशार आहेस असं मी त्या स्पर्धेच्या दिवशीसुद्धा समजत होते.

विमल

*

पोस्टकार्ड
पवनी, २५ नोव्हेंबर १९८३

विमल,

निबंध वाचू नकोस. निदान शेवटाबद्दलचा भाग वाचू नकोस. कारण कार्डावर मावत नाही, आणि पोस्टमन कार्ड वाचतो. पाया पडतो, वाचू नकोस.

टे.

(पोस्टमनकाका, तुम्हालाही नमस्कार.)

*

नागपूर, २९ नोव्हेंबर १९८३

श्री. टेकचंद काटेखाये यांस,

तुमचं कार्ड काल, सोमवारी पोचलं. निबंध रविवारी वाचला.

वीस जणींपुढे उभी राहून मी सांगितलं की अंगारी चंपाला विसरते, म्हणून ती आपली नाही. शेवटच्या पानावरची वाक्यं ठणकावून म्हणून दाखवली. खाली बसले तर ललिता नावाची मुलगी उठली. शांत आहे, कधी बोलत नाही. तिने पिशवीतून इतवारीच्या बाजारातून आणलेलं 'अंगारी और सात ताले' काढलं आणि म्हणाली, "विमलताई, तुमची वरात यात कुठंच नाही." कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरा शेवट सांगते, कारण तुला तो माहीतच नाही. होय ना? दुसरी प्रत वगैरे काही नव्हतंच.

इन्स्पेक्टर म्हणतो, किल्ली दे, सोनं तुझ्याकडेच ठेव, तुला सोडतो. अंगारी सोनं त्याच्या पायाशी टाकते, किल्ली ठेवून घेते आणि सातवं कुलूप उघडते. चंपा बाहेर येते आणि तिच्या फाडकन कानाखाली लावते. अंगारी माफी मागत नाही. गाल चोळते आणि म्हणते, "चल." शेवटच्या चित्रात शब्द नाहीत. दोघी बाहेर उभ्या आहेत आणि अंगारी मागचं दार ओढून घेते आहे. बस.

मंडळात दोन तास भांडण झालं. काही म्हणाल्या, एवढं केलं तरी खुनी ती खुनीच. मी म्हटलं, असेल. मला ती बाई चांगली वाटत नाही, आताही नाही. पण कोणी चांगलं असलं तरच मोकळं व्हावं ही अट आपल्यालाच का? ती परत फिरली. माझ्या हिशेबी ती स्त्रीवादी आहे, बाकीचं तिचं तिने निस्तरावं. मतं घेतली तेव्हा अकरा जणी माझ्या बाजूने, नऊ विरुद्ध. पण आधीच्या निबंधाची लाज राहिली ती राहिलीच.

आता तुझं. फाटलेली पानं भरून काढलीस, त्यात मोठा गुन्हा नाही. मला खोटं सांगितलंस, तो आहे. पण त्याहून वाईट म्हणजे तुझ्या हातात कोरी चार पानं होती, काहीही लिहू शकत होतास, आणि तू चंपाला आत ठेवून वरात काढलीस. वहीत तेच केलंस आणि डोंग्यात बसवून तेच केलंस. धुरपता वाटभर बोलली नाही म्हणून राजी होती म्हणे!

माझे बाबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले आणि घरातले देव त्यांनी वैनगंगेत सोडले. आजोबा दीड वर्ष त्यांच्याशी बोलले नाहीत. बाबा म्हणतात, मागचं दार लावायला हाताला जोर लागत नाही, छातीला लागतो. तुला दार आपटता येतं हे मी पाहिलं आहे. काच फुटते, टाळ्या पडतात. त्यापुढचं काही येतं का?

पुस्तक वेगळ्या पाकिटातून परत करते आहे. उत्तर पाठवू नये.

विमल रामटेके

*

पवनी, १८ डिसेंबर १९८३

विमल,

उत्तर पाठवू नये म्हणालीस, म्हणून एकोणीस दिवस पाठवलं नाही. माझ्यासारख्याने एकोणीस दिवस गप्प बसणं ही तालुक्यातली बातमी आहे. सेवकरामने दोनदा विचारलं, "ताप तर नाई ना आला?"

आधी कबुली. शेवट बकरीने खाल्ला. मी लिहिला. इन्स्पेक्टर मीच होतो. घोड्याचा पाचवा पाय म्हणजे त्याचं शेपूट आहे. अंगारी कोण होती ते तू ओळखलं असशील, आणि तिला मी पदर घ्यायला लावला, यापुढे मी काय बोलावं? प्रेमात पडलेल्या माणसाच्या हातात पेन देऊ नये. निदान डिंक तरी देऊ नये.

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला. माझी सवय आहे, आधी राग, मग पत्र पुन्हा वाचणं. रागात आसगावला गेलो, म्हटलं घरी विचारू तरी. आईला विचारलं, धुरपताच्या दंडाला काय झालं होतं? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चुलीतला चिमटा." मी म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "तुले बी माहीत होतं. तू पाहून रायला होता, मी पाहून रायली होती." बाबा, जागेश्वरराव, ओसरीवरून म्हणाले, "तिले आनली तर ह्या घरात पाय नको ठेवू." मी तिथे दार आपटणार होतो. पण आमच्या ओसरीला दारच नाही.

तर आता सांगतो. धुरपता इथे आहे. पवनीला, दुकानामागच्या खोलीत. मी बाहेर फळीवर झोपतो. सत्यभामाबाईंनी तिला बालवाडीत मदतीला घेतलं आहे, पोरांची शेंबडी नाकं पुसायला आणि खिचडी शिजवायला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सेवकरामच्या बकरीला अशी हाकलली की बकरी आता स्टँडच्या त्या टोकाने जाते. हे काम मला तीन महिन्यांत जमलं नव्हतं. बाबा बाजाराला आले तरी दुकानावरून मान वळवून जातात. आई मात्र गोपीचंदच्या हाती तांदूळ पाठवते. तो अजून माझ्याशी बोलत नाही, पण तांदूळ ठेवून जातो.

तिला आणलं कसं ते ऐक. तू ओळखतेस तो टेकचंद यात शोभून दिसतो.

सात तारखेला, बुधवारी दुपारी नदीपलीकडे गेलो. डोंग्यात बसून भाषण पाठ करत होतो. "हा अन्याय आम्ही सहन करणार नाही" असं सुरू होणारं, वादविवाद स्पर्धेतलं. डोंगेवाला म्हणाला, "कोनासंग बोलून रायले भाऊ?" मी म्हटलं, स्वतःशी. तो म्हणाला, "मंग हळू बोला, डोंगा हालते."

त्यांच्या अंगणात धान वाळत होतं. मळणीच्या दिवसांत मुऱ्हाळी कोणी जात नाही, हे मी विसरलोच होतो. सासू सूप घेऊन बसली होती. मला पाहून म्हणाली, "दिवाळी होऊन म्हैना झाला, तुमी कायले आले आता?" आणि माझं भाषण गेलं. मी नुसतं म्हणालो, "तिले न्यायले."

धुरपता पदराला हात पुसत दारात आली. "कोन मेलं?"

"कोनी नाई. तुले न्यायले आलो."

"कोनाच्या सांगन्यानं?"

इथे मी बाबांचं खोटं नाव घेऊ शकलो असतो, आईचं घेऊ शकलो असतो. पण माझ्या तोंडून निघालं, "अंगारीच्या."

"कोन अंगारी?" सासू सूप ठेवून उठली. "कोनती बाई धरून ठेवली याने? ह्याच्यासाठीच कॉलेज सोडलं का?"

धुरपता अंगणात उतरली, माझ्यासमोर आली आणि फाडकन कानाखाली वाजवली. विमल, खरं सांगतो, मला गाल चोळताना पहिला विचार हाच आला की कॉमिक्सवाल्याला बरोबर माहीत होतं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी सायकलीवर तुह्या मांगं बसून आली. तोंड नाई उघडलं. तुले वाटलं मी राजी हाय? मी वाट पाहून रायली होती का तू सायकल कवा वळवतं. घाट आला, डोंगा आला, दार आलं. तू म्हनला, येतो मी."

मी माफी मागणार होतो. अंगारी मागत नाही हे आठवलं म्हणून नव्हे, तिने बोलूच दिलं नाही म्हणून राहिली. तीच म्हणाली, "थांब." आत गेली. पेटी घेतली नाही, तिची किल्ली सासूच्या कंबरेला होती. एक लुगडं आणि कंगवा पदरात बांधून आली.

तेवढ्यात खळ्यावरून आमचे जावई, म्हणजे धुरपताचा नवरा, आले, हातात काठी. माझं रक्त उसळलं, मी बाह्या सरसावल्या. धुरपताने मला हाताने मागे सारलं. "तू गप राय. तू बोलला का इस्कोट होते." आणि नवऱ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "मी चालली. चिमटा चुलीपाशी हाय." काठी खाली आली नाही आणि वरही गेली नाही. शेजारच्या दारांत बायका उभ्या होत्या, त्यामुळेही असेल. ती धानाच्या कडेकडेने, एकही दाणा न तुडवता अंगणाबाहेर गेली.

म्हणजे या सगळ्यात मी काय केलं? थप्पड खाल्ली आणि गप्प बसलो. एवढंच. तुझ्या मंडळात मतं घेतली तर मला शून्य पडतील आणि ते बरोबरच आहे. तुझी क्षमा मागत नाही, धुरपताचीही मागितली नाही. पुस्तकातली माझी चार पानं काढून टाकली आहेत. तिथे आता खरा शेवट लागायला हवा. ललिताला विचारून उतरवून पाठवलास तर चिकटवीन. नाही पाठवलास तर पुस्तक तसंच राहील, आणि गिऱ्हाइकाला सांगीन की पुढचं मला माहीत नव्हतं.

एक राहिलं. धुरपता पुढे गेली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. सासू, जावई, सगळे अंगणात. घर रिकामं आणि दार सताड उघडं. शेजारची एक बकरी त्या उघड्या दाराकडे निघाली होती, मान वर करून, मालकिणीसारखी. उघड्या जागेत बकरी शिरली की काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको. मी परत गेलो. जावयाच्या समोरून, सासूच्या समोरून. पायरी चढलो, बकरीला बाजूला केलं, दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी लावली.

या वेळी आवाज झाला नाही.

टेकचंद